विमानप्रवासाची हुंडी

नंदुरबार हे गाव आज विमानमार्गावर नाही. परंतु एके काळी ते हिंदुस्थानातील एका थोर व्यापारी मार्गावर होते. सतराव्या शतकात सुरतेच्या बंदरी उतरलेला व्यापारी बऱ्हाणपूरवरून आग्र्याकडे निघाला म्हणजे नवापूर आणि नंदुरबार ही ठिकाणे त्याच्या वाटेवर लागत. ताव्हेर्निए नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्याने या वाटेचे वर्णन लिहून ठेवले आहे आणि नवापूरच्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो, ही गोष्टही आवर्जून नमूद केली आहे. याच प्रवाशाने आणखी एक नोंद केली आहे, ती तांदळाच्या सुवासाइतकी मोहक नसली तरी अधिक उपयोगाची आहे. सुरतेवर केलेल्या हुंडीस निरनिराळ्या पेठांत काय हुंडणावळ पडे, याचे कोष्टकच त्याने दिले आहे. बऱ्हाणपुरास २½ ते ३ टक्के, आग्र्यास ४¼ ते ५ टक्के आणि लाहोरास ६¼ टक्के, असे ते दर होते. वाटेत माल लुटला गेला तर हुंडीवर दिलेले पैसेही बुडत, म्हणून हे दर चढे असत, असे कारण तो देतो. वाट जितकी लांब आणि वाटेवरची धास्ती जितकी मोठी, तितकी हुंडीची आजची किंमत कमी, हा त्या व्यवहारातील मुख्य सिद्धांत होय.

हा सिद्धांत विसाव्या व एकविसाव्या शतकांतील एका नव्या हुंडीस तंतोतंत लागू पडतो. विमान कंपन्या आपल्या प्रवाशांना सभासद करून घेतात, प्रत्येक प्रवासाबद्दल त्यांच्या खाती काही ‘मैल’ किंवा ‘गुण’ जमा करतात आणि ते पुरेसे साठले म्हणजे त्यांच्या मोबदल्यात तिकीट देण्याचे वचन देतात. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी मुलाला भेटावयास, लग्नकार्यास किंवा औषधोपचारास विमानाने जाणाऱ्या कुटुंबापुढे आज असा प्रश्न उभा राहतो, की अशा अनेक योजनांपैकी कोणती पत्करावी? या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीच्या पत्रकांपेक्षा या योजनांच्या इतिहासात अधिक स्पष्टपणे सापडते.

गिऱ्हाइकाला बक्षिसाच्या आशेने बांधून ठेवण्याची युक्ती विमानांहून जुनी आहे. अमेरिकेत १८९६ साली स्पेरी आणि हचिन्सन या पेढीने दुकानदारांना हिरवी तिकिटे पुरविण्यास आरंभ केला. दुकानदार ती खरेदीच्या प्रमाणात गिऱ्हाइकास देई, गिऱ्हाईक ती वहीत चिकटवी आणि वही भरली म्हणजे तिच्या बदल्यात घरगुती वस्तू मिळे. विमान कंपन्यांना मात्र ही युक्ती पुष्कळ उशिरा सुचली, आणि त्यालाही कारण होते. अमेरिकेत १९७८ पर्यंत विमानाचे भाडे व मार्ग सरकार ठरवीत असे. त्या वर्षी कायद्याने हे नियंत्रण उठले, कंपन्यांत चुरस लागली आणि एकसारखी आसने विकणाऱ्या या दुकानांना आपले गिऱ्हाईक धरून ठेवण्याची निकड भासू लागली. अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या आरक्षणाच्या संगणकातून वरचेवर प्रवास करणारी माणसे हुडकून काढली आणि १ मे १९८१ रोजी त्यांच्यासाठी मैलांची योजना जाहीर केली. युनायटेड एअरलाइन्सने त्याच महिन्यात तिचे अनुकरण केले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ही योजना जन्मास आली ती नित्याच्या प्रवाशासाठी, नैमित्तिक प्रवाशासाठी नव्हे. ज्याचे भाडे त्याची पेढी भरते आणि जो महिन्यातून चार वेळा विमानात बसतो, अशा व्यापारी प्रवाशाला डोळ्यांपुढे ठेवून तिचे नियम रचले गेले. नैमित्तिक प्रवासी मागाहून आला. पंगत दुसऱ्याची होती, त्यालाही पान मांडून देण्यात आले, एवढेच.

हिंदुस्थानातही कार्यकारणाची हीच साखळी दिसते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस विमान आणले, तेव्हा त्यात टपालाच्या थैल्या होत्या. प्रवाशांची मनधरणी करण्याचा प्रश्नच नव्हता. १९४६ साली टाटांच्या कंपनीस ‘एअर इंडिया’ हे नाव मिळाले आणि त्याच साली बॉबी कूका व चित्रकार उमेश राव यांनी तिला लवून नमस्कार करणारा मिशाळ महाराजा दिला. १९५३ मध्ये विमान व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढील चार दशके देशांतर्गत प्रवाशास सरकारी विमानाखेरीज दुसरे दुकान जवळजवळ उरलेच नाही. जेथे गिऱ्हाइकास दुसरीकडे जाण्याची सोयच नाही, तेथे दुकानदार त्याला बक्षीस कशासाठी देईल? १९९० नंतर खाजगी कंपन्यांना वाट मोकळी झाली, ५ मे १९९३ रोजी जेट एअरवेजचे पहिले विमान उडाले, १९९४ मध्ये मक्तेदारीचा कायदाही रद्द झाला. आणि मग ‘फ्लाइंग रिटर्न्स’, ‘जेट प्रिव्हिलेज’ अशी नावे सुशिक्षित घरांतून ऐकू येऊ लागली.

या योजनांचे पुढे काय झाले, हे पाहिले म्हणजे त्या हुंडीचे खरे स्वरूप उघड होते. तीन कंपन्यांची उदाहरणे त्यास पुरेशी आहेत.

पहिली किंगफिशर. २००५ साली मोठ्या थाटाने निघालेल्या या कंपनीची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली ती पुन्हा उठली नाहीत. तिच्या ‘किंग क्लब’ योजनेत ज्यांनी वर्षानुवर्षे मैल साठविले होते, त्यांच्या हाती केवळ आकडे राहिले. दुसरी जेट. १७ एप्रिल २०१९ रोजी तिची उड्डाणे थांबली. परंतु तिची सभासद-योजना एका स्वतंत्र कंपनीकडे असल्याने ती तत्क्षणी बुडाली नाही. त्याच वर्षी तिने ‘इंटरमाइल्स’ हे नवे नाव घेतले. सभासदांचे मैल कायम राहिले, परंतु ज्या विमानांत बसण्यासाठी ते साठविले होते ती विमानेच आकाशात नव्हती. तिसरी विस्तारा. ती ९ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाली आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. तिच्या सभासदांचे गुण एकास एक या प्रमाणात एअर इंडियाच्या योजनेत जमा झाले आणि त्या योजनेस ‘महाराजा क्लब’ हे नाव मिळाले. १९४६ सालचा तो महाराजा अशा रीतीने पुन्हा दारात येऊन उभा राहिला. एकाचे सर्व गेले, दुसऱ्याचे नाणे राहिले पण बाजार गेला, तिसऱ्याचे मात्र शाबूत राहिले. आणि या तिन्ही प्रसंगी सभासदाचे मत कोणी विचारले नाही.

जुन्या पेढीवरची हुंडी आणि ही हुंडी यांत आणखी एक मोठा भेद आहे. पेढीचा मुनीम हुंडीची रक्कम आकड्यांत लिही, अक्षरांत लिही, आणि तिच्या निमपटीचा आकडा देऊन ‘त्याची दुप्पट पुरी’ असेही लिही, हेतू हा की कोणास तीत तिळमात्र फेरफार करता येऊ नये. विमान कंपनीच्या मैलावर किंमत मुळी लिहिलेलीच नसते. आज अमुक हजार मैलांत मिळणारे तिकीट उद्या दीडपट मैलांत मिळू लागले, तरी ती बाब कंपनीने आपल्या नियमांत स्वतःकडे राखून ठेवलेली असते. मैल मिळविण्याचे मापही असेच बदलले. प्रारंभी जितके अंतर तितके मैल, असा सरळ हिशेब होता. परंतु अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी २०१५ व २०१६ या वर्षांत अंतर सोडून भाड्याच्या रकमेवर मैल देण्यास आरंभ केला, आणि एअर इंडियानेही २०२४ मध्ये तीच पद्धत स्वीकारली. नाव मैलाचे राहिले वा गुणाचे झाले, माप रुपयाचे झाले. याचा परिणाम असा, की स्वस्त तिकीट शोधून प्रवास करणाऱ्या नैमित्तिक प्रवाशाच्या पदरी पूर्वीपेक्षा कमी पडू लागले.

आता हिशेबाकडे वळणे इष्ट होय. उदाहरणासाठी असे समजावे, की एखादी कंपनी दर १०० रुपयांस ४ गुण देते आणि ४,००० गुणांस ५,००० रुपयांचे एक तिकीट फुकट मिळते. एका ५,००० रुपयांच्या प्रवासाचे २०० गुण झाले. म्हणजे फुकट तिकिटासाठी २० फेऱ्या झाल्या पाहिजेत. जो दरमहा जाऊन येतो, त्याच्या २० फेऱ्या दहा महिन्यांत पुऱ्या होतात. जो वर्षातून एकदा जाऊन येतो, त्यास दहा वर्षे लागतात. आणि गुणांची मुदत तीन वर्षांची असेल, तर त्याच्या खाती १,२०० हून अधिक गुण कधी साठणारच नाहीत. तो भरत असलेल्या रांजणास तळाशी छिद्र आहे. योजना दोघांना एकच दिसते. परंतु एकाची हुंडी बऱ्हाणपूरची आहे आणि दुसऱ्याची लाहोरची.

याच उदाहरणातून दुसरीही गोष्ट निघते. एक लाख रुपये खर्चून पाच हजारांचे तिकीट मिळाले, म्हणजे बक्षीस शेकडा पाच झाले, म्हणजेच प्रत्येक फेरीमागे २५० रुपये. म्हणून त्याच दिवशी, त्याच मार्गावर दुसऱ्या कंपनीचे तिकीट २५० रुपयांहून अधिक स्वस्त असेल, तर मैलांच्या लोभाने महाग तिकीट घेणे हा नित्याच्या प्रवाशालाही तोटाच आहे. नैमित्तिक प्रवाशाने तर त्या २५० रुपयांतून मुदत, दरबदल आणि कंपनीचे आयुष्य या तिन्ही धास्तींची हुंडणावळ वजा केली पाहिजे. फुकट म्हटलेल्या तिकिटावरही कर व विमानतळाचे आकार बहुधा रोख भरावे लागतात, हेही विसरून चालत नाही. स्वस्त तिकीट ही दर्शनी हुंडी होय. दाखविताक्षणी तिचे पैसे हाती येतात. मैल ही मुदती हुंडी, आणि तीही जोखमी. जुन्या व्यवहारात माल सुखरूप बंदरी लागला तरच जोखमी हुंडीचे पैसे मिळत.

मग नैमित्तिक प्रवाशाने सभासद होऊच नये काय? असे म्हणणे योग्य होणार नाही. सभासदत्वास बहुधा पैसे पडत नाहीत. चूक होते ती सभासद होण्यात नव्हे, तर सभासदत्वासाठी आपला मार्ग किंवा आपला पैसा वाकविण्यात. निवड करताना पहिला विचार करावा तो वाटेचा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. परंतु विमानासाठी तेथील माणसास अद्याप तापी खोऱ्याच्या आगगाडीने सुरत गाठावी लागते, अथवा मुंबईस जावे लागते. जळगावाहून डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली व खंडित झाली. २०१९ मध्ये दुसऱ्या कंपनीने ती उचलली, तीही थांबली. २०२४ मध्ये तिसरीने आरंभ केला. लहान गावच्या विमानमार्गाची अशी स्थिती असता, ज्या विमानतळावरून कुटुंब खरोखर प्रवास करते तेथून कोणाची विमाने नियमाने सुटतात, हे आधी पाहावे. देशातील निम्म्याहून अधिक प्रवासी वाहणाऱ्या इंडिगोनेही २०२४ मध्ये ‘ब्लूचिप’ ही आपली योजना काढल्यापासून हा विचार पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे.

दुसरा विचार मुदतीचा. गुण किती वर्षे टिकतात, आणि लहानशा व्यवहाराने ती मुदत वाढते काय, हा प्रश्न किती गुण मिळतात यापेक्षा अधिक महत्त्वाचा मानावा. तिसरा विचार कुटुंबाचा. काही योजनांत घरच्या माणसांचे गुण एका ठिकाणी जमा करता येतात. वरील उदाहरणातील कुटुंबात चार माणसे असून ती सर्व वर्षातून एकदा जाऊन येत असतील, तर वर्षास १,६०० गुण होऊन अडीच वर्षांत, म्हणजे मुदतीच्या आत, एक तिकीट पदरात पडते. एकट्याला जे दहा वर्षांत साधत नाही, ते एकत्र कुटुंबास अडीच वर्षांत साधते. चौथा विचार दूरच्या प्रवासाचा. १९९७ साली पाच कंपन्यांनी ‘स्टार अलायन्स’ हा संघ स्थापला आणि ११ जुलै २०१४ रोजी एअर इंडिया त्यात सामील झाली. ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांना अशा संघातील दुसऱ्या कंपनीच्या विमानाने केलेल्या लांबच्या प्रवासाचे गुणही, तिकिटाच्या प्रकाराप्रमाणे, घरच्याच खात्यात घेता येतात. चार खाती अर्धवट ठेवण्यापेक्षा एक खाते भरणे नैमित्तिक प्रवाशास केव्हाही हिताचे.

आणि शेवटचा विचार आहे तो साठविण्याचा नव्हे, वटविण्याचा. पैसे चुकते झालेल्या हुंडीस पेढीवर ‘खोका’ म्हणत, आणि हिशेब पुरा झाल्याची ती खूण असे. किंगफिशरच्या सभासदांपैकी ज्यांनी तिकीट मिळण्याइतके मैल होताच प्रवास करून घेतला, त्यांचे काहीच गेले नाही. आणखी साठवू म्हणून जे थांबले, त्यांचे सर्व गेले. मैलांवर व्याज चढत नाही, उलट काळ त्यांना कुरतडत असतो. सुरतेच्या वाटेवरील व्यापाऱ्यास हुंडी तिजोरीत जपून ठेवण्याची वस्तू आहे, असे कधी वाटले नाही. ती वटवावयाची वस्तू आहे, हे तो जाणून होता. त्याच वाटेने आज सुरतेच्या विमानतळाकडे निघालेल्या प्रवाशास याहून निराळा धडा शिकावयाचा नाही.