आपला मेसेज कोण वाचू शकतो? एन्क्रिप्शन, सरकारी पाळत आणि कंपन्यांची जबाबदारी

मोर्चाच्या आदल्या रात्री एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो: "आपला ग्रुप पोलीस वाचतात का?" भीती नको आणि बेफिकिरीही नको, म्हणून ही माहिती.

एन्क्रिप्शन म्हणजे काय?
साधा कॉल आणि एसएमएस टेलिकॉम कंपनीच्या यंत्रणेतून जातो. आदेश आला की कंपनीला तो तपास यंत्रणेला उपलब्ध करून द्यावा लागतो. व्हॉट्सॅप व सिग्नलवरचा मेसेज मात्र पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनमध्ये उघडतो. किल्ली कंपनीकडे नसते. पण फोनच जप्त झाला, त्यात हेरगिरीचे सॉफ्टवेअर शिरले किंवा ग्रुपमधल्याच कोणी स्क्रीनशॉट दिला, तर हे कुलूप उपयोगाचे नाही. 2019 मध्ये उघड झालेल्या पेगासस प्रकरणात भारतातील वकील आणि कार्यकर्तेही लक्ष्य होते.

सरकारचा अधिकार
फोन टॅपिंगचा अधिकार 1885 च्या टेलिग्राफ कायद्यातून आला. आता तो दूरसंचार कायदा 2023 मध्ये आहे. इंटरनेटवरील माहितीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 69 आहे. पीयूसीएल खटल्यात (1996) सर्वोच्च न्यायालयाने गृहसचिवाचा आदेश, मुदत आणि पुनर्विलोकन समिती असे निर्बंध घातले. 2017 च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

कंपन्यांची जबाबदारी
अधिकृत आदेशाशिवाय टॅपिंग करू नये, माहिती गुप्त ठेवावी, हे कंपनीवर बंधनकारक आहे. कलम 69 खाली मदत नाकारल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र 2009 च्या नियमांनुसार किल्ली ज्याच्या ताब्यात आहे, तेवढ्यापुरतेच कुलूप उघडून देण्याचे बंधन आहे. 2021 च्या नियमांनी मोठ्या मेसेजिंग कंपन्यांना मेसेजचा पहिला प्रेषक ओळखून देण्यास सांगितले. त्यासाठी एन्क्रिप्शनच मोडावे लागेल, असे म्हणत व्हॉट्सॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेले.

उणीव कुठे आहे?
आदेश देणारा सचिव आणि तो तपासणारी समितीही सचिवांचीच. न्यायाधीश कुठेच नाही. ज्याचा फोन ऐकला, त्याला नंतरही कळवले जात नाही. मग दाद मागायची कशी? बाबासाहेबांनी 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये घर आणि कागदपत्रांची अवाजवी झडती होऊ नये, असे संरक्षण मागितले होते. आज आपले कागदपत्र फोनमध्ये आहेत.

आपण काय करावे?
व्हॉट्सॅपमध्ये टू-स्टेप पिन लावा, बॅकअपचे एन्क्रिप्शन चालू करा, अनोळखी लिंक उघडू नका. फोन जप्त झाला तर पंचनाम्याची प्रत मागा आणि लगेच वकिलाला कळवा. कायदेशीर लढा उघडपणे लढणाऱ्यांनाही खासगीपणाचा हक्क आहे. तो मागताना संकोच नको.

जय भीम.