पांच आठवड्यांचा डाव

सामन्यांत दोनच पक्ष असतात, असें सामान्यतः समजलें जातें. परंतु धंदेवाईक खेळांत एक तिसरा पक्षहि असतो, आणि तो म्हणजे तिकीट काढून बसलेला प्रेक्षक. त्याचा धीर सुटला म्हणजे काय होतें, हें बिलियर्ड्सच्या इतिहासावरून चांगलें कळून येतें.

हिरव्या बनातीचें टेबल, त्याला सहा खिसे आणि तीन चेंडू, एवढाच या खेळाचा पसारा. आपल्या चेंडूनें उरलेल्या दोन्ही चेंडूंना स्पर्श केला कीं दोन गुण मिळतात. या फटक्यास ‘कॅनन’ म्हणतात. गुण मिळत आहेत तोंपर्यंत डाव त्याच खेळाडूचा. प्रतिस्पर्ध्यानें स्वस्थ बसून पाहावें!

१९०७ सालीं लंडनमध्यें टॉम रीस यानें या नियमाचा पुरेपूर उपयोग केला. कोपऱ्यांतील खिशाच्या तोंडाशीं दोन चेंडू असे अडकवावयाचे, कीं आपला चेंडू त्यांना हलकेच लागला तरी ते जागचे ढळूं नयेत. मग तोच फटका पुन्हां पुन्हां मारीत राहावयाचें. ३ जूनला सुरू झालेला त्याचा डाव ६ जुलैला थांबला, तेव्हां ४,९९,१३५ गुण झाले होते. रोज ठराविक वेळच खेळ चाले. तरी एकंदर ८५ तासांहून अधिक वेळ लागला. बिचारा प्रतिस्पर्धी जो चॅपमन खुर्चीवरच राहिला. इतकें करूनहि हा विक्रम अधिकृत ठरला नाहीं. कारण प्रेक्षक व वृत्तपत्रांचे प्रतिनिधि सतत हजर नव्हते. पाहणाराच नाहीं, तेथें पराक्रमाला साक्ष कोणाची? पुढें तो फटकाच नियमबाह्य ठरला.

तथापि रोग गेला नव्हता. ऑस्ट्रेलियाचा वॉल्टर लिंड्रम तिन्ही चेंडू टेबलाच्या कडेशीं जवळजवळ ठेवून नाजुक कॅननांची माळच ओवीत जाई. जानेवारी १९३२ मध्यें लंडनच्या थर्स्टन सभागृहांत त्यानें एका डावांत ४,१३७ गुण केले. हें कौशल्य अलौकिक खरें. परंतु ज्या खेळांत चूक होण्याचा संभवच उरला नाहीं, त्यांत उत्कंठा कशाची राहणार? ठराविक गुणांच्या आंत चेंडूनें टेबलावरील रेषा ओलांडलीच पाहिजे, असा नियम करून पाहिला. तोहि पुरेसा पडला नाहीं. १९३४ नंतर धंदेवाईक बिलियर्ड्सचें जगज्जेतेपद १९५१ पर्यंत पणास लागलेंच नाहीं.

लिंड्रमच्या त्या डावाच्या वेळीं समोर बसून होता जो डेव्हिस. त्यानें १९२७ सालींच स्नूकरचें पहिलें धंदेवाईक जगज्जेतेपद मिळविलें होतें. स्नूकर हा १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांत जन्मलेला खेळ. त्यांत बावीस चेंडू, रंग निरनिराळे, आणि चेंडू संपले कीं डावहि संपलाच! प्रेक्षक तिकडे वळले.

हौशी खेळाडूंत मात्र बिलियर्ड्स टिकलें. कारण त्यांचें पोट तिकिटावर नव्हतें. पुण्यास जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ सालीं कलकत्त्यास हौशी जगज्जेते झाले, ते याच खेळांत.

रीस व लिंड्रम यांचे ते डाव कोणी प्रतिस्पर्ध्यानें थांबविले नाहींत. त्यांच्या खेळाला हरविलें तें रिकाम्या होत गेलेल्या खुर्च्यांनीं.