डोमेन नेमकं कोणाच्या नावावर? वेबसाइट बनवण्याआधी हे तपासा

छोट्या व्यवसायाच्या वेबसाइटसाठी दोन गोष्टी लागतात: डोमेन आणि होस्टिंग. डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता. होस्टिंग म्हणजे तिच्या फाइल्स ठेवायला सर्व्हरवर भाड्याने घेतलेली जागा.

होस्टिंग नंतर बदलता येतं. साध्या माहितीच्या वेबसाइटला स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग पुरतं. फक्त रोजचा बॅकअप आणि एसएसएल मिळतं का, ते विचारावं.

डोमेन मात्र हातचं गेलं, तर दुकानाच्या पाटीवर आणि बिलांवर छापलेला पत्ता निरुपयोगी होतो, त्यावरचे ईमेलही बंद पडतात. म्हणून ते वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या नव्हे, तर व्यवसायाच्या नावावर आणि मालकाच्या ईमेलवर नोंदवावं. रजिस्ट्रारच्या खात्याचा पासवर्डही मालकाकडेच हवा.

डोमेन कायमचं विकत मिळत नाही. 'डॉट कॉम'ची नोंदणी १ ते १० वर्षांसाठी होते. पहिल्या वर्षाच्या सवलतीपेक्षा नूतनीकरणाचा दर पाहावा. नूतनीकरण राहून गेलं आणि डोमेन रद्द झालं, तर ते सोडवायला ३० दिवस मिळतात, तेही जादा शुल्क भरून. त्यानंतर ते कोणीही घेऊ शकतं.