नखभर दारूगोळा

परवा आईचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. (आता ठणठणीत आहे, काळजी नसावी.) आदल्या रात्री साडेनऊला सिस्टर फाइल घेऊन खोलीत आल्या, आईच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मावशी, हे नेलपॉलिश काढायला लागेल हं. दहाच्या दहा बोटांचं. दादा, खाली मेडिकलमध्ये रिमूव्हर मिळतं का बघा."

आईचा चेहरा एकदम पडला. ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हासुद्धा पडला नव्हता एवढा.

त्याचं असं आहे, की आईने पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. बाईंनीच नखं रंगवली तर मुलींना कुठल्या तोंडाने सांगणार, असा तिथे एक न लिहिलेला नियम होता, आणि तो आईने इतरांपेक्षा स्वतःलाच जास्त लावून घेतला होता. मे महिन्यात ती रिटायर झाली. नंतर मामेभावाच्या लग्नात माझ्या मावसबहिणीने तिला धरून बसवलं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, तिची नखं रंगवली. चांगला गडद मरून. दहा दिवसांत कडेचे टवके गेले होते, पण भाजी निवडता निवडता हात लांब धरून ती हळूच बघायची. मी पाहिलं की लगेच पदराला हात पुसायची.

तर मी कापूस आणि रिमूव्हर आणलं आणि तिची नखं पुसायला बसलो. झाकण उघडताच ओळखीचा वास आला. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबचा. अॅसिटोन! दहा मिनिटांत कापसाचे दहा मरून बोळे झाले. आई म्हणाली, "जाऊ दे रे, हौस झाली." आणि कूस बदलून झोपली. मला मात्र झोप येईना. पेशंटच्या नातेवाइकांसाठी असलेल्या बाकड्यावर झोप येण्यासारखं तसंही काही नसतं.

पॉलिश का काढायचं, ते सोपं आहे. बोटाला जो चिमटा लावतात तो पल्स ऑक्सिमीटर. जपानच्या ताकुओ आओयागी नावाच्या इंजिनिअरने 1974 मध्ये याची कल्पना मांडली. बोटातून लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश पाठवायचा आणि रक्त त्यातला किती शोषतं ते मोजायचं. मधे गडद रंगाचा थर आला तर आकडा थोडा इकडेतिकडे होऊ शकतो. शिवाय नख निळं पडतंय का, हे भूलतज्ज्ञाला डोळ्यांनीही बघायचं असतं. ठीक. पण तो थर असतो तरी कशाचा, हे शोधायला गेलो आणि रात्रभर मोबाईल खाली ठेवला नाही. माझं शिक्षण मेकॅनिकलचं, नोकरी सॉफ्टवेअरची, आणि नखांचा अनुभव ती कुरतडण्यापुरता. त्यामुळे पुढचं सगळं मला नवीनच होतं.

नखं रंगवणं जुनं आहे, आणि त्यात आपण कुणाच्या मागे नाही. मेंदी आहेच. पण चीन आणि कोरियामध्ये बायका नखांवर ज्या फुलांचा लगदा तुरटी घालून बांधत आल्या, ते फूल म्हणजे आपला तेरडा! कोकणात गौरी म्हणून पूजतात तोच. मेंदीत लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, तेच तेरड्यातही सापडतं, आणि ते नखातल्या केराटिनला रासायनिकरीत्या चिकटून बसतं. नखावर थर चढत नाही, नखच रंगतं. कोरियात म्हणतात की पहिला बर्फ पडेपर्यंत नखावरचा हा रंग टिकला तर पहिलं प्रेम सफळ होतं. आणि आपण काय म्हणतो? तेरड्याचा रंग तीन दिवस. फूल एकच, पण एका देशाने त्यावर प्रेमाची पैज लावली आणि दुसऱ्याने टोमणा मारला. :-) (बोट पूर्ण वाढायला साधारण सहा महिने लागतात, म्हणजे बोटाचं नख हो, बोट नाही. तेव्हा हिशोबाने कोरियन बाजू बरोबर आहे.)

'पॉलिश' हा शब्दही आधीचाच. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेत नखांना पावडर किंवा मलम लावून मऊ चामड्याने घासायचे, बूट घासतात तसे. चमक घासण्यातून यायची, म्हणून पॉलिश. पुढे बाटलीत जे आलं ते खरं तर लॅकर, पण नाव जुनंच चिकटलं.

आता बाटलीतल्या मालाची गोष्ट. ती सुरू होते स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावी. क्रिस्टियान शोनबाइन नावाच्या केमिस्टच्या हातून 1845 च्या सुमारास घरात नायट्रिक आणि सल्फ्युरिक अॅसिड सांडलं, त्याने ते बायकोच्या सुती अॅप्रनने पुसलं, अॅप्रन शेगडीजवळ वाळत घातला आणि तो भक्कन पेटून नाहीसा झाला, असं सांगतात. कथा थोडी जास्तच गोळीबंद आहे, पण शोध खरा: कापूस अधिक नायट्रिक अॅसिड म्हणजे नायट्रोसेल्युलोज, ऊर्फ गनकॉटन. 1846 मध्ये त्याने हे जाहीर केलं आणि 1847 मध्ये इंग्लंडातल्या फॅवरशॅमचा गनकॉटनचा कारखाना माणसांसकट उडाला. तोफांची दारू म्हणून हे प्रकरण काबूत यायला मग बरीच वर्षं गेली.

गंमत आहे ती टक्क्यांमध्ये. त्यातला नायट्रोजन 13 टक्क्यांच्या आसपास गेला की ती बंदुकीची दारू. 12 च्या आतबाहेर ठेवला की तेच द्रव्य सॉल्व्हंटमध्ये छान विरघळतं आणि वाळल्यावर काचेसारखा पारदर्शक पापुद्रा सोडतं. हा पापुद्रा जखमेवर लावायला वापरला गेला, फोटोच्या काचांवर वापरला गेला, कापूर घालून त्याचं सेल्युलॉइड झालं, सेल्युलॉइडचा सिनेमा झाला. आणि नेलपॉलिश झालं. तुमच्या-आमच्या घरातल्या साध्या नेलपॉलिशमध्ये आजही पापुद्रा धरण्याचं काम हेच नायट्रोसेल्युलोज करतं. एका टक्क्याच्या फरकाने आईच्या नखावर तोफेऐवजी रंग!

रिमूव्हरची कथा तर याहून भारी आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या तोफांना कॉर्डाइट लागायचं, ते बनवताना नायट्रोसेल्युलोज आणि नायट्रोग्लिसरीन एकजीव करायला अॅसिटोन लागायचा आणि तो पुरेना. मँचेस्टर विद्यापीठातल्या काइम वाइझमन या केमिस्टने मक्याच्या पिठावर एक जिवाणू वाढवून त्याच्याकडून अॅसिटोन आंबवून घेतला. 1917 मध्ये धान्याची टंचाई झाली तेव्हा शाळकरी पोरांना हॉर्स चेस्टनटची फळं गोळा करायला लावली, आणि ती कशासाठी हे त्यांना सांगितलंच नाही. (हेच वाइझमन 1949 मध्ये इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.) आता इंजिनिअर मंडळींनी इकडे लक्ष द्या. हा जिवाणू एक किलो अॅसिटोनमागे दोन किलो ब्युटॅनॉल देतो. युद्धात ब्युटॅनॉल कुणाला नको होतं, तो सगळा कचरा. युद्ध संपलं आणि उलटं झालं! अॅसिटोनची मागणी कोसळली आणि कळलं की ब्युटॅनॉलपासून केलेलं ब्युटाइल अॅसिटेट हे नायट्रोसेल्युलोजच्या रंगांसाठी अगदी हवं तसं सॉल्व्हंट आहे. फार पटकन वाळत नाही, फार वेळ ओलं राहत नाही. नेलपॉलिशच्या बाटलीवरची यादी वाचा, पहिल्या तीन-चार नावांत बहुतेक वेळा ते दिसेल.

आणि या रंगांचं पहिलं मोठं गिऱ्हाईक नखं नव्हती, मोटारी होत्या. गाडीचा चांगला रंग पूर्ण व्हायला तेव्हा आठवडे लागायचे. 1914 ते 1925 फोर्डची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळायची ती काही उगीच नाही. बंदुकीची दारू बनवणाऱ्या ड्यूपाँटने 1923 मध्ये नायट्रोसेल्युलोजचा 'ड्यूको' काढला, तो तासांत वाळायचा, आणि जनरल मोटर्सच्या गाड्या निळ्या-हिरव्या होऊन रस्त्यावर आल्या. त्याच दशकात नखांचे रंगीत लॅकरही बाजारात पसरले. क्यूटेक्स वगैरे कंपन्यांचे रंग पातळ, फिकट गुलाबी असायचे. नखाच्या मुळाशी जो पांढरा चंद्र असतो तो कोरा सोडून मधेच रंगवायची फॅशन होती. 1932 मध्ये, ऐन मंदीत, चार्ल्स आणि जोसेफ हे रेव्हसन बंधू आणि चार्ल्स लॅकमन नावाचा केमिस्ट यांनी पारदर्शक रंगाऐवजी पिगमेंट घातलेलं दाट, अपारदर्शक पॉलिश विकायला सुरुवात केली. रेव्हसनमधला एस काढून लॅकमनचा एल घातला आणि नाव झालं रेव्हलॉन. (स्टार्टअपमध्ये केमिस्टला नावात एक अक्षर मिळालं. आमच्या कंपनीत टेस्टिंगवाल्यांना तेवढंही मिळत नाही.)

आपल्याकडे 1952 मध्ये लॅक्मे आली. परदेशी सौंदर्यप्रसाधनांवर परकीय चलन जातंय म्हणून नेहरूंनी जे. आर. डी. टाटांकडे विषय काढला, असं सांगतात. नाव घेतलं दलिबच्या 1883 च्या फ्रेंच ऑपेराचं. त्यातली नायिका एका ब्राह्मण पुजाऱ्याची मुलगी आहे, आणि लॅक्मे म्हणजे फ्रेंच तोंडातली लक्ष्मी. म्हणजे आपली लक्ष्मी पॅरिसला जाऊन, नाव बदलून, मुंबईला परत आली. 1961 मध्ये सिमोन टाटा संचालक मंडळावर आल्या आणि 1982 मध्ये अध्यक्ष झाल्या. माझी आई जन्मली तेव्हा हे दुकानात मिळत होतं, हे मला त्या बाकड्यावर उगाच टोचलं. मिळत होतं, तिने फक्त घेतलं नव्हतं.

असो. रात्री दोनच्या सुमारास मी सिनेमाकडे वळलो आणि पुण्यातच येऊन पोचलो. 8 जानेवारी 2003 ला लॉ कॉलेज रोडवर फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, म्हणजे जुन्या प्रभातच्या जागेत, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या व्हॉल्टला आग लागली. आत नायट्रेट फिल्म होत्या, म्हणजे तेच नायट्रोसेल्युलोज. त्याला जळायला हवेतला ऑक्सिजन लागत नाही, स्वतःचा स्वतःकडे असतो, त्यामुळे पाण्याखालीसुद्धा ते जळत राहतं. जुन्या भारतीय सिनेमाचा केवढातरी ठेवा त्या दिवशी गेला. मी त्या रस्त्याने इतक्यांदा गेलोय आणि मला हे माहीत नव्हतं.

सकाळी ऑपरेशन व्यवस्थित झालं. दोन दिवसांनी चिमटा लावलेल्या बोटाकडे बघत आई म्हणाली, "पांढरीफटक दिसतात रे नखं." मी काही बोललो नाही, पण टाके काढल्यानंतरच्या रविवारी मरून बाटली घेऊन घरी बसलो. एवढं वाचून हात न चालवणं बरं दिसत नाही.

बहिणीने व्हिडिओ कॉलवरून सुपरव्हिजन केलं. आईने लगेच कोमट पाण्याचं पातेलं आणलं, पार्लरमध्ये हात भिजवतात म्हणून. ते मी परत पाठवलं. नख पाणी पिऊन फुगतं, वर रंग लावला की वाळताना आकसतं आणि टवके पडतात. कोरड्या नखावर रिमूव्हरचा बोळा फिरवून तेल काढणं पुरे. कडेची कातडी कापायची नाही, ती नखाचं सील आहे. कापली की नखुरडं व्हायला जागा. बाटली गदागदा हलवायची नाही, बुडबुडे होतात. तळहातांत फिरवायची. आत विशिष्ट चिकणमाती असते, केचपसारखी, फिरवली की पातळ होते. आधी बेस कोट, नाहीतर गडद रंग नखाला पिवळं करतो. मग रंगाचे पातळ दोन थर. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण जाड थर वरून आधी वाळतो, खाली सॉल्व्हंट अडकतं, आणि रात्री चादरीची नक्षी नखावर उमटते. शेवटी नखाच्या टोकाच्या कडेवरूनही ब्रश फिरवायचा, टवके तिथूनच सुरू होतात. रंग घट्ट झाला तर अॅसिटोन ओतायचा नाही, पोत बिघडतो. त्यासाठी वेगळं थिनर मिळतं.

माझा पहिला अंगठा बहिणीने नापास केला. पुसून पुन्हा केला. डाव्या करंगळीपर्यंत हात बसला होता.

दुसरा थर चालू असताना आईला आठवलं की संध्याकाळचा दिवा लावायचा राहिलाय. उठायला लागली, तिला म्हटलं, "थांब, हे ज्वालाग्राही असतं. वाळेपर्यंत देवघरात नाही आणि गॅसपाशी नाही."

"मग चहा?"

"मी करतो."

"साखर कमी घाल," ती म्हणाली आणि दोन्ही हात लांब धरून खिडकीपाशी जाऊन बसली. खालून शेजारच्या काकू जात होत्या. यावेळी हात पदराला पुसता येणार नव्हते.