‘पहा’ची खोडी

हायपरटेक्स्टची वंशावळ सहसा व्हॅनेव्हर बुश यांच्या १९४५ सालच्या ‘मेमेक्स’ या कागदावरच राहिलेल्या यंत्रापासून मांडतात. १९६५ मध्ये टेड नेल्सन यांनी नाव दिलं, १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये वेबचा प्रस्ताव ठेवला, की कुळकथा संपली. माझ्या मते मूळपुरुष पॅरिसचा. दिदेरो आणि दालांबेर यांच्या ‘आन्सिक्लोपेदी’ या ज्ञानकोशाच्या पहिल्या खंडात (१७५१) नरभक्षकांवरच्या नोंदीअखेर ‘पहा’ म्हणून वाचकाला पाठवलंय ते युखॅरिस्ट, कम्युनियन आणि वेदी या नोंदींकडे! ख्रिस्ताचं शरीर मानून भाकर खाण्याचा विधी आणि माणूस खाणं शेजारी आले; सेन्सॉरने बोट ठेवावं असं वाक्य मात्र कुठेच नाही. ही युक्ती तशी उसनी. हा ग्रंथ सुरू झाला तोच चेंबर्सच्या इंग्रजी ‘सायक्लोपीडिया’चं (१७२८) भाषांतर म्हणून. चेंबर्सचा ‘पहा’ अकारविल्हेने विखुरलेलं ज्ञान सांधायचा. पॅरिसमध्ये तोच खोड्या काढू लागला.

यावर खरा आक्षेप असा, की नरभक्षकांवरची ती नोंद धर्मशास्त्र जाणणाऱ्या आबे माले यांची आहे. सुरुवातीच्या ख्रिश्चनांवर इतरांनी नरभक्षणाचा आळ घेतला होता, तेव्हा हा निर्देश अगदी सरळ मनाचा असू शकतो. असेलही. पण मग माझा मुद्दा अधिकच पक्का होतो: उपरोध मालेंच्या नोंदीत नाही, युखॅरिस्टच्या नोंदीतही नाही; तो पानं उलटणाऱ्या वाचकाने केला. शिवाय १७५५ च्या पाचव्या खंडात दिदेरोंनीच उघड लिहिलं, की काही निर्देश रूढ मतांना आतून सुरुंग लावण्यासाठी असतात. त्यानंतर कुठला ‘पहा’ निरागस राहणार? चौथ्या शतकात युसेबियसने दहा कोष्टकांतून चारही शुभवर्तमानांतले उतारे जोडले होते, हे खरं. पण तिथे मेळ दाखवायचा होता, ठिणगी पाडायची नव्हती.

वाचकच लेखक झाला, हा हायपरटेक्स्टच्या अभ्यासकांचा लाडका दावा मला म्हणूनच फुगवलेला वाटतो. बुश यांच्या मेमेक्सवर वाचक स्वतः वाटा पाडणार होता. वेबवर तो बहुतेक वेळा दुसऱ्याने पाडलेल्या वाटेने जातो. दुवा कुठे ठेवायचा हे आजही लेखकच ठरवतो, फक्त निष्कर्षाची जबाबदारी वाचकाच्या गळ्यात घालतो. नेल्सन यांना दुवे दोन्ही बाजूंनी दिसणारे हवे होते. बर्नर्स-ली यांनी ते एकतर्फी ठेवले, आणि वेब झपाट्याने पसरलं त्याचं एक कारण हेच. त्यामुळे आपल्या पानाला कुणी कुठल्या खोडसाळ शब्दाखाली जोडलं, हे ठरवण्यात आजच्या लेखकाचा हात नसतो. त्याची परवानगीही कुणी मागत नाही.