सहा महिन्यांची पैज आणि आयुष्यभराची मांड : विष्णुपंत छत्रे

१/
मध्य रेल्वेवर वांगणी आणि नेरळ यांच्यामध्ये शेलू हे लहानसे स्थानक आहे. माझे घर इथलेच. फलाटावरून माथेरानचा डोंगर दिसतो. त्या डोंगरावर पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. पुढची वाट पायी, छोट्या गाडीने किंवा घोड्यावरून. आमच्या भागात घोडा ही संग्रहालयातली वस्तू नाही. ती रोजच्या पोटापाण्याची गोष्ट आहे. म्हणूनच आजचा धागा एका घोडेस्वाराविषयी.

२/
त्यांचे नाव विष्णुपंत मोरेश्वर छत्रे. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत त्यांच्यावर एकच ओळ असते : 'भारतीय सर्कशीचे जनक'. ओळ खोटी नाही, पण अपुरी आहे. त्या ओळीत सर्कसवाले छत्रे उरतात आणि स्वार छत्रे हरवतात. प्रत्यक्षात ते आधी स्वार होते, सर्कसवाले नंतर. हा क्रम ध्यानात घेतला नाही, तर त्यांच्या कर्तृत्वाचा निम्म्याहून अधिक भाग आपल्याला दिसतच नाही.

३/
प्रथम सर्वांना ठाऊक असलेली कथा. १८७० च्या दशकाच्या अखेरीस ज्युसेप्पे किआरिनी या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली. मराठी आठवणींत तिचे नाव 'चिरिनीची सर्कस' असे येते. खेळ पाहायला कुरुंदवाडचे संस्थानिक पटवर्धन आणि त्यांच्या पदरी असलेले छत्रे गेले होते. असे खेळ हिंदुस्थानी माणसाला साधायचे नाहीत, असे किआरिनी म्हणाला. छत्र्यांनी पैज स्वीकारली. आणि सहा महिन्यांत तसेच खेळ उभे करून दाखवले.

४/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा कथेपाशी क्षणभर थांबावे. पैज किती रुपयांची, मुदत किती महिन्यांची, पहिला खेळ नेमका कुठे झाला, हे सांगणाऱ्यागणिक बदलते. लोककथेचा स्वभावच तसा असतो. तिला नाट्य हवे असते, आणि नाट्याला मुदत हवी असते. 'एक माणूस वर्षानुवर्षे पहाटे उठून घोडे फिरवत होता' या वाक्यात नाट्य नाही. म्हणून कथेने ते वाक्य गाळले.

५/
पण घोडा लोककथेचे ऐकत नाही. शिंगराच्या पाठीवर खोगीर चढायलाच तिसरे-चौथे वर्ष उजाडते. मग लगाम मानणे, एका लयीत दुडकी धरणे, गोंगाटाने आणि उजेडाने न बुजणे, पाठीवर माणूस उभा राहिला तरी चाल न मोडणे, ही एकेक पायरी वेगळी. यातली एक कच्ची राहिली तर स्वाराचा कपाळमोक्ष ठरलेला. सहा महिन्यांत खेळ बसवता येतो. स्वार घडवता येत नाही. त्यामुळे खरा प्रश्न असा : पैज लागली त्या दिवशी छत्र्यांच्या गाठीशी काय होते?

६/
छत्रे मूळचे कृष्णाकाठच्या अंकलखोपचे. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे. तरुणपणी त्यांना दोन गोष्टींचे वेड होते, गाणे आणि घोडा. या दोन्ही वेडांनी त्यांना ग्वाल्हेरला नेले. तिथे हद्दू खाँ यांच्याकडे त्यांनी ख्यालगायनाचे धडे घेतले आणि शिंद्यांच्या पदरी असलेल्या बाबासाहेब आपट्यांकडे अश्वविद्या शिकली. पुढे कुरुंदवाडकर पटवर्धनांच्या पागेत घोडे तयार करण्याचे काम त्यांच्याकडे आले.

७/
ग्वाल्हेर आणि कुरुंदवाड ही दोन्ही नावे नीट पाहा. शिंदे आणि पटवर्धन ही दोन्ही घराणी पेशवाईत घोडदळाच्या बळावर मोठी झाली. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर, या दोघांच्या जोरावर मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या. १८१८ मध्ये पेशवाई संपली. संस्थाने उरली, पागाही उरल्या; पण त्या घोड्यांना जायला रणांगण उरले नाही.

८/
लढाई संपली तरी विद्या लगेच मरत नाही. पागेत चाबूकस्वार होते. घोडा फोडून, वळवून तयार करणारा तो चाबूकस्वार. मोतद्दार होते; खरारा, चारा, नाल यांची काळजी वाहणारे. मांड कशी घट्ट ठेवावी आणि लगाम कसा हलका ठेवावा, हे ज्ञान हाताकडून हाताकडे जात होते. ते कोणत्याही दप्तरात नोंदले जात नसे. दप्तरात किती घोडे आणि किती दाणा याचा हिशेब सापडतो. घोडा शिकवावा कसा, हे सापडत नाही. छत्रे या नोंद नसलेल्या परंपरेचे वारस होते.

९/
आता थोडे युरोपात डोकावू. आधुनिक सर्कशीचा आरंभ हत्ती-वाघांनी झालेला नाही. तो घोड्याने झाला. फिलिप ॲस्टली हा ब्रिटिश घोडदळातून निवृत्त झालेला शिपाई. १७६८ मध्ये त्याने लंडनमध्ये घोडेस्वारीचे खेळ सुरू केले. घोडा गोल रिंगणात एका गतीने धावत आत झुकला, तर त्याच्या पाठीवर उभ्या स्वाराला तोल सांभाळणे सोपे जाते, हे त्याने हेरले. पुढे या रिंगणाचा व्यास ४२ फूट ठरला. जगभरच्या सर्कशींत आजही साधारण तेच माप आहे.

१०/
म्हणजे किआरिनीच्या तंबूत छत्रे बसले, तेव्हा त्यांच्यासमोर एक घोडदळी विद्याच सादर होत होती. प्रेक्षकांना ते परदेशी चमत्कार वाटले असतील. छत्र्यांना, माझ्या मते, त्यात ओळखीचे बरेच काही दिसले असावे. घोड्याची चाल, स्वाराची मांड, हाकेसरशी वळणारी मान, हे तर त्यांचे रोजचे काम. नवीन होते ते रिंगण, तिकीट आणि तंबू. म्हणूनच ते पैज घेऊ शकले. जो मुळाक्षरे जाणतो, त्यालाच नवे वाक्य लवकर लिहिता येते.

११/
१८८० मध्ये 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी राहिली. २० मार्च १८८० हा भारतीय सर्कशीचा जन्मदिवस मानला जातो. या घटनेला आमच्या परिसराचीही एक पार्श्वभूमी आहे. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबई व पुणे सलग रुळांनी जोडली गेली. तंबू, माणसे आणि जनावरे घेऊन गावोगाव फिरणारा धंदा रेल्वेमुळेच एवढा विस्तारू शकला. शेलूवरून जाणारे हे रूळ केवळ चाकरमान्यांचे नाहीत. करमणुकीच्या इतिहासातही त्यांचा वाटा आहे.

१२/
पहिला खेळ करून दाखवणे हा पराक्रम खरा, पण कारकीर्द त्यापुढे सुरू होते. छत्र्यांची सर्कस देशभर फिरली. १८८० च्या दशकात ती केरळात तलश्शेरीला पोहोचली. तिथे त्यांची गाठ कसरतीचे शिक्षक कीलेरी कुन्हीकण्णन यांच्याशी पडली. कुन्हीकण्णन यांनी पुढे सर्कशीसाठी कसरतपटू घडवण्याची शाळाच काढली, आणि तलश्शेरी हे भारतीय सर्कशीचे माहेरघर झाले. इकडे कृष्णाकाठी म्हैसाळच्या देवलांची आणि सांगलीच्या कार्लेकरांची सर्कस नावारूपाला आली. एका स्वाराच्या पायवाटेचा हमरस्ता झाला.

१३/
गाण्याचे वेडही सुटले नव्हते. गुरू हद्दू खाँ यांचे चिरंजीव रहिमत खाँ मनाने खचून भटकत होते. छत्र्यांनी त्यांना आपल्या आश्रयाला आणले आणि सांभाळले. सर्कशीच्या मुक्कामी या 'भूगंधर्वा'चे गाणे होई. अब्दुल करीम खाँसारख्या गायकावर रहिमत खाँच्या गाण्याचा जो ठसा उमटला, त्यामागे एका घोडेस्वाराची गुरुनिष्ठा उभी आहे. रहिमत खाँ १९२२ मध्ये वारले, तेही कुरुंदवाडलाच.

१४/
स्वाराची दीर्घ कारकीर्द म्हणजे नेमके काय? आजच्या काळातले उदाहरण घेऊ. कॅनडाचे इयन मिलर हे घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धेतले खेळाडू. १९७२ ते २०१२ या काळात ते १० ऑलिम्पिकमध्ये उतरले. पहिले पदक मिळाले २००८ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी. तेही सांघिक रौप्य. बाकी खेळांत या वयात लोक आठवणी लिहितात. अश्वारोहणात मात्र केस पांढरे झाल्यावरही माणसाची जाण वाढत राहते.

१५/
पण त्या ४० वर्षांत घोडा एकच नव्हता. स्पर्धेतल्या घोड्याची ऐन उमेदीची वर्षे जेमतेम आठ-दहा. त्यानंतर स्वाराला नव्या घोड्यापाशी पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागते. जुन्या घोड्याशी जमलेली खूण नव्याला कळत नाही. मागची पदके त्याला ठाऊक नसतात. म्हणून स्वाराची दीर्घ कारकीर्द हा एक अखंड चढ नसतो. ती पुन्हा पुन्हा नवशिका होण्याची तयारी असते. छत्र्यांनी पागेत आणि रिंगणात किती शिंगरे अशी हाताखालून काढली असतील! त्यांच्याविषयीचा माझा आदर पैजेपेक्षा या धीरासाठी अधिक आहे.

१६/
या आदराला एक बोच आहे, ती लपवू नये. छत्र्यांचे नाव निदान एका ओळीत तरी राहिले. त्यांच्या घोड्यांची नावे आपल्यापर्यंत आली नाहीत. पहाटे खरारा करणाऱ्या मोतद्दारांची तर नाहीतच. शिलेदार इतिहासात येतो, बारगीर क्वचित येतो, मोतद्दार जवळजवळ येतच नाही. 'थोर स्वार' असे आपण म्हणतो, तेव्हा त्या एका शब्दाखाली अनेक माणसे आणि जनावरे झाकली जातात.

१७/
दुसरा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल : जनावरांच्या खेळाचे कौतुक करावे का? १९९८ मध्ये केंद्र सरकारने वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांच्या खेळांवर बंदी घातली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ती योग्यच होती, असे मला वाटते. परंतु गतकाळातील कौशल्य ओळखणे म्हणजे गतकाळातील प्रत्येक प्रथेची तरफदारी नव्हे. भीतीने वाकवलेला घोडा आणि विश्वासाने वळलेला घोडा यांतला फरक जाणकार चाबूकस्वाराला त्या काळीही कळत होता.

१८/
१९०५ मध्ये विष्णुपंत छत्रे यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, १९०७ मध्ये, नेरळहून माथेरानला छोटी रेल्वे धावू लागली आणि डोंगर चढण्याचे घोड्याचे जुने काम कमी झाले. पुढे मोटारी आल्या. मराठी भाषेत मात्र घोडे अजून आहेत : 'घोडामैदान जवळच आहे', 'खोगीरभरती', 'वरातीमागून घोडे'. या शब्दांमागची पागा आपण विसरलो, एवढेच.

१९/
गेल्या पावसाळ्यानंतर मी दस्तुरी नाक्यावर बराच वेळ बसलो होतो. एक वयस्क घोडेवाले एका बुजऱ्या घोड्याला गर्दीची सवय लावत होते. चार पावले पुढे, थांबणे, मानेवर हात. पुन्हा चार पावले. 'काका, किती दिवस लागतील?' असे मी विचारले. ते म्हणाले, 'ते तो ठरवणार, मी नाही.' सहा महिन्यांच्या त्या पैजेवर यापेक्षा नेमके भाष्य मला ग्रंथालयात सापडलेले नाही.

२०/
म्हणून पुढच्या वेळी कुणी 'सहा महिन्यांत सर्कस उभी केली' असे सांगितले, तर त्याला अवश्य विचारा : त्याआधी किती वर्षे? तुमच्या गावात जुनी पागा, नालबंदाचे दुकान किंवा कुणा चाबूकस्वाराची आठवण उरली असेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ती ऐकून लिहून ठेवा. दप्तराने न नोंदलेली विद्या माणसांच्या आठवणीतच जगते, आणि त्या माणसांपाशी फार वेळ उरलेला नाही. धागा समाप्त.