आंतड्याचा तुकडा किती कापावा?

एखाद्या रोगास ज्याचें नांव मिळतें, त्यानेंच तो प्रथम ओळखला असें वाचकांनीं समजूं नये. लहान आंतड्याच्या शेवटच्या भागास बहुधा जडणाऱ्या ज्या चिवट दाहास क्रोनचा विकार म्हणतात, तशा रोग्यांची हकीकत ग्लासगोच्या डाल्झील नामक शस्त्रवैद्यानें १९१३ सालींच प्रसिद्ध केली होती. पुढें १९३२ सालीं न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयांतील क्रोन, गिन्झबर्ग व ओपनहायमर यांनीं १४ रोग्यांवर निबंध लिहिला. नांवें वर्णानुक्रमानें छापलीं गेलीं व पहिलें तेंच रोगास चिकटलें. बर्ग नामक ज्या शस्त्रवैद्यानें यांतील बहुतेक आंतडीं कापलीं, त्यानें आपलें नांव घालूंच दिलें नाहीं. असो.

या रोगांत खरा साक्षीदार म्हणजे कापून काढलेला तुकडा. क्षयाच्या गांठी आंतून सडून चक्क्यासारख्या होतात. क्रोनच्या विकारांतील गांठी तशा होत नाहींत, आणि त्या प्रत्येक तुकड्यांत सांपडतातच असेंही नाहीं. आमच्या देशांत, जेथें क्षय अद्याप पुष्कळ आहे, ही पारख जिवावरची आहे. कारण क्रोनच्या दाहावर शरीराची प्रतिकारशक्ति दडपणारीं औषधें देतात, तीं क्षयाच्या रोग्यास घातक ठरतात. दुसरी खूण अशी कीं, दाह आंतल्या अस्तरापुरता न राहतां भिंतीच्या सर्व थरांतून आरपार जातो. शस्त्रक्रियेची गरज उत्पन्न होते ती येथें. भिंत जाड व कठीण होऊन मार्ग अरुंद होतो, अन्न अडतें. किंवा छिद्र पडून शेजारच्या अवयवापर्यंत नाडीव्रण होतो.

परंतु कापावें किती? कर्करोगाप्रमाणें निरोगी भागांत दूरवर जाऊन कापलें म्हणजे रोग परतणार नाहीं, अशी अनेक शस्त्रवैद्यांची दीर्घ काळ समजूत होती. तो परततच राहिला, आणि प्रत्येक खेपेस आंतडें आंखूड होत गेलें. अन्न शोषून घेण्यास तें पुरेना, अशी कित्येकांची अवस्था झाली. शेवटीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें फॅझिओ व त्यांचे सहकारी यांनीं दिसणाऱ्या रोगापलीकडे २ सेंटिमीटर कापणें व १२ सेंटिमीटर कापणें यांची तुलना केली. १९९६ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, अधिक कापून लाभ झाला नाहीं. कापल्या कडेस सूक्ष्मदर्शकाखालीं दाह दिसला, तरी तेवढ्यानें रोग परतण्याचें प्रमाण वाढलेलें आढळलें नाहीं. इतका साधा प्रश्न नीट विचारावयास इतकीं वर्षें लागावीं, याचें आम्हांस नवल वाटतें.

कित्येकदां तर आंतड्याचा तुकडा मुळींच न काढतां अरुंद जागा उभी चिरून आडवी शिवतात. ही युक्ति १९८२ सालीं ऑक्सफर्डच्या ली यांनीं क्रोनच्या रोग्यांसाठीं मांडली. तिची वाट भारतांतील कटारिया प्रभृतींनीं १९७७ सालींच दाखविली होती, आणि तीही क्षयानें आवळलेल्या आंतड्यांवर.